रात्रपाळी, तीन तासांची झोप आणि ते विचार

दादा, बेळगावच्या उद्यमबागेत रात्रपाळी, दिवसा जेमतेम तीन तास झोप आणि पहाटे मशीनसमोर ‘हे सगळं संपावं’ असं वाटणं... तुमचं वाचून अंगावर काटा आला. सहा वर्षांपूर्वी मी तिथंच होतो.

चहा, मोबाईल वगैरे दहा जणांनी सांगितलं असेल, ते सोडतो.

माझी एकच चूक झाली. इकडच्याच एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. मागं रांग, दार उघडं, माझं कन्नड बाजारापुरतं. ‘निद्दे बरल्ल’ (झोप येत नाही) एवढंच म्हणालो. मरणाचे विचार गिळले, समोरच्यानंही विचारलं नाही. गोळ्या लिहिल्या, पुढचा नंबर. त्यात चार महिने गेले. अजून संताप होतो. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाही.

पुढं मेव्हण्याला घेऊन धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत गेलो, तेव्हा सगळं बोललो. मला समजलं ते असं : झोप तुटली की भावना आवरणारा मेंदूचा भाग ढिला पडतो. मध्यरात्रीनंतर जागं असणाऱ्यांत आत्महत्येचा धोका दिवसापेक्षा जास्त दिसतो. नैराश्य वेगळं काढलं तरी झोप आणि या विचारांचा संबंध उरतोच. झोप कमी असलेल्या प्रत्येकाचं असं होतं, असं मात्र नाही. मी डॉक्टर नाही, तुमची तब्येत वेगळी असेल.

पण माझं मत पक्कं आहे. ‘टेन्शन गेलं की झोप येईल’ म्हणून थांबू नका, झोपेचाच इलाज मागा. निद्रानाशावर सीबीटी-आय नावाची गोळ्यांशिवायची पद्धत आहे, तिचं विचारा. झोपेसाठी दारू नकोच. डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका, पाकीट वहिनींकडे ठेवायला द्या.

आज रात्री पुन्हा तसं वाटलं तर एकटे थांबू नका, पाळीतल्या जोडीदाराला सांगा आणि १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

आणि डॉक्टरांकडून पाळी बदलायची चिठ्ठी मागून घ्या. मला तोंडी सांगून दोनदा नकार मिळाला होता, चिठ्ठीवर आठवड्यात दिवसपाळी मिळाली.