हाफ डिमिनिश्ड कुठे बसते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भुसावळ) : ए मायनरमधल्या गाण्यांत बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह लिहिलेली दिसते. मी गिटारवर तिथे साधी बी मायनर वाजवतो, कधी डिमिनिश्ड. दोन्ही खटकतात. असं का?

उत्तर : हीच ती हाफ डिमिनिश्ड, चार सुरांची कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर). तिचे सूर बी, डी, एफ, ए. साध्या बी मायनरमध्ये एफच्या जागी एफ शार्प येतो. गळा एफ लावत असताना गिटार एफ शार्प वाजवते, म्हणून कानाला टोचतं. पूर्ण डिमिनिश्डमध्ये ए उतरून जी शार्प होतो. हा सूर तिच्यामागून येणाऱ्या ई सेव्हन कॉर्डचा आहे. तो आधीच वाजवून टाकला की ई सेव्हन आल्यावर नवीन काही ऐकू येत नाही. त्यातून गाणारा ए वर थांबलेला असेल, तर दोघांची सरळ टक्कर होते.

शेप सहाव्या तारेपासून : ×-२-३-२-३-× (आकडा म्हणजे घर, × म्हणजे मुकी तार). पाचव्या तारेवर तर्जनी, चौथीवर अनामिका, तिसरीवर मधलं बोट, दुसरीवर करंगळी. तर्जनीचं टोक जाड सहाव्या तारेला नुसतं टेकवून ती मुकी करा, करंगळी किंचित आडवी करून पहिली. बहुतेकांचं इथेच बिघडतं. सहावी तार मोकळी वाजली की खाली ई चा खर्ज येतो आणि कॉर्डचा पाया बी वर राहतच नाही. म्हणून स्ट्रमिंगच्या आधी चारही तारा एकेक छेडून ऐका. मग मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत चार-चार मात्रा : हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर. फरक कानात बसवायचा असेल तर तिसऱ्या तारेवरचं बोट एक घर मागे घ्या, पूर्ण डिमिनिश्ड होते. पुन्हा पुढे आणा. हे दहा-बारा वेळा करा.

एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यात पत्र्याखालच्या खोलीत, गिटारचं लाकूड सुकतं आणि तारा फ्रेटला लागून झणझणतात. शेप बरोबर धरूनही आवाज फुटत असेल तर बोटांना दोष देण्याआधी तारांची उंची बघा.

प्रश्न (धुळे) : भजनाला पेटीवर पांढरी सहाचा (म्हणजे ए) सा धरतो. ही कॉर्ड पेटीवर कशी घ्यावी? एका हाताला भाता असतो.

उत्तर : एक हात पुरतो. अंगठा पांढरी दोनवर, तर्जनी चारवर, अनामिका सहावर, करंगळी सातवर. सरगममध्ये म, कोमल ध, सा, रे. आता अंगठा आणि करंगळी जागेवर ठेवा. तर्जनी चारवरून तीनवर उतरवा, अनामिका सहावरून काळी चारवर. झाली ई सेव्हन : म, प, शुद्ध नि, रे. कोमल ध प वर येतो, सा नि वर येतो, दोन्ही अर्ध्याच सुराने. पुढे अंगठा पांढरी एकवर, अनामिका परत सहावर, करंगळी उचला : कोमल ग, प, सा. बोटं अगदी सावकाश सरकवून पाहा. ही कॉर्ड एवढी ओढ का लावते ते हातालाच कळतं. भाता मात्र हलका ठेवा. सा आणि रे शेजारी असल्यामुळे जोर दिला की गोंगाट होतो.

पण चाल कोणत्या थाटाची (सात सुरांच्या संचाची) आहे ते आधी ओळखा. रे वरची हाफ डिमिनिश्ड आसावरीच्या सुरांत बसते. काफीत ध शुद्ध असतो, तिथे ती ध वर मिळते : ध, सा, कोमल ग, प. भैरवीत प वर, बिलावलात नि वर, खमाजात शुद्ध ग वर. भैरवीच्या भजनात रे वरची कॉर्ड घेतली तर शुद्ध रे आणि कोमल रे भांडणारच.

प्रश्न (अमळनेर) : आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) अहिराणीत गाणं रचलंय. कॉर्ड ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन. प्रत्येक ओळीत हाफ डिमिनिश्ड घातली, तर झोक्यावरच्या गाण्याचा बाजच गेला.

उत्तर : प्रत्येक ओळीत घातली म्हणूनच गेला. कडव्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीत एकदा पुरे. जिथे डी मायनरवरून ई सेव्हनवर जाता, तो चार मात्रांचा तुकडा अर्धा करा : दोन मात्रा डी मायनर, दोन मात्रा हाफ डिमिनिश्ड. डी मायनरचे तिन्ही सूर तिच्यात आहेतच, फक्त खाली बी येतो, त्यामुळे चाल बदलावी लागत नाही. त्या जागी गळा डी, एफ, ए किंवा बी वर असू द्या. सी वर लांब थांबला तर खालचा बी त्याला घासतो. तिथे साधी डी मायनरच ठेवा.

आखाजीची चाल चार-पाच सुरांतच फिरते, आणि अशा चालीला आम्हाला दुसरी एक वाट जास्त आवडते. ए मायनर धरा : ×-०-२-२-१-०. चौथी, तिसरी, दुसरी तार तशीच ठेवून सहाव्या तारेवर खर्ज उतरवत जा : तिसरं घर, दुसरं घर, पहिलं घर. पाचवी आणि पहिली तार मुकी. दुसऱ्या घराशी २-×-२-२-१-× होते, म्हणजे एफ शार्पवरची हाफ डिमिनिश्ड. पहिल्या घराशी एफ मेजर सेव्हन, तिथून ई सेव्हन. ‘माहेर’सारखा शब्द सा वर (ए वर) लांबवला की सूर तोच राहतो आणि खालची जमीन सरकत जाते. तिसऱ्या घराला करंगळी, पुढच्या दोन्ही घरांना मानेवरून वळवलेला अंगठा. अंगठा पोचत नसेल तर दुसऱ्या घराच्या वेळी सहावीवर मधलं बोट, चौथीवर अनामिका, तिसरीवर करंगळी, दुसरीवर तर्जनी अशी बोटं बदला. या बदलाला आधीच्या कॉर्डची शेवटची अर्धी मात्रा सोडावी लागते. ढोलकी चालू असेल तर ती उणीव जाणवतही नाही.