'सीतेची आसवे' : कोणती आसवे?

प्रश्न असा आहे : कासच्या पठारावर फुलणाऱ्या 'सीतेची आसवे'मधली आसवे म्हणजे द्राक्षासवातले आसव का? आणि या वनस्पतीला 'कीटकभक्षी' म्हणणे बरोबर आहे का?

द्राक्षासवाचा इथे संबंध नाही. ते 'आसव' संस्कृतातून जसेच्या तसे आले. 'सु' म्हणजे पिळणे हा त्याचा धातू, 'सोम'ही त्यातलाच. फुलाच्या नावात आहेत ते अश्रू. अश्रु, अंसु, आसू असा हा शब्द प्राकृतातून झिजत आला, आणि गळूचे गळवे तसे आसूचे आसवे. दोन्ही नामे नपुंसकलिंगी असल्याने अनेकवचन एकसारखे दिसते. घोटाळा होणारच.

सीता मात्र आपल्या रानफुलांत वरचेवर भेटते. एका आमरीलाही (ऑर्किडलाही) 'सीतेची वेणी' म्हणतात.

'सीतेची आसवे'चे शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया पर्प्युरासेन्स, पण तिच्या भाईबंदांनाही लोक सर्रास हेच नाव देतात. मराठी नाव देणाऱ्याने वरची जांभळट निळी, नखाएवढी फुले पाहिली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये युट्रिक्युलेरिया या प्रजातीला (genus) नाव दिले ते खालच्या पिशव्यांवरून. लॅटिन 'युट्रिक्युलस' म्हणजे कातड्याची छोटी पिशवी. आपली बुधलीच की! या झाडाला खरी मुळे नसतात. जमिनीत पसरलेल्या धाग्यांवर मोहरीहूनही बारीक बुधल्या असतात. बुधली आतले पाणी उपसून टाकते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात. तोंडाजवळच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत खेचला जातो. निमिषसुद्धा याहून लांब.

हा खटाटोप नत्र-स्फुरदासाठी. जांभ्यावर मातीचा पातळ थर, पावसाळाभर चिबड, आणि पोषकद्रव्ये धुऊन गेलेली. अन्न ती इतर झाडांसारखे उन्हातच बनवते, म्हणून 'मांसाहारी' मला जरा भडकच वाटते. पाठ्यपुस्तकातला 'कीटकभक्षी' हा शब्द दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पतीला चपखल बसतो, कारण तिच्या चिकट पानांवर खरोखर किडे अडकतात. 'सीतेची आसवे'च्या वाट्याला येतात ते बहुतेक सूत्रकृमी आणि एकपेशीय जीव, कीटक नव्हेत. तरी शब्द रुळलेला आहे, चालू द्यावा.

एकच फूल दाखवताना 'सीतेचे आसू' म्हणू नये. नाव अनेकवचनीच आहे. 'सीतेच्या आसवांचे फूल' म्हणावे.