नव्या गाडीचं ॲव्हरेज कमी का पडतं?

भावा, नवी गाडी शोरूमनं सांगितलं तेवढं ॲव्हरेज देत नाही म्हणतोस, पण तो आकडा प्रयोगशाळेत, चाकांखाली फिरणाऱ्या रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथं ना आपल्या संभाजीनगरच्या जालना रोडचे सिग्नल, ना बीडकडची चढण. त्यामुळे घाबरून गाडी मेकॅनिककडं नेऊ नको.

तुझं रोजचं जाणं तीन किलोमीटरचं. एवढ्यात इंजिन नीट तापतही नाही, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. त्यात मे महिन्यात ऊन चाळिशीपार, उभ्या गाडीत एसी चालू. गाडी शून्य किलोमीटर चालते, पेट्रोल मात्र जळतंच. छोट्या इंजिनाला एसीचा भार जास्तच जाणवतो.

हायवेवर ८० च्या आसपास राहा. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या पटीत वाढतो; १०० ला तो ८० च्या दीडपटीहून जास्त होतो. कन्नडचा घाट उतरताना न्यूट्रल अजिबात करू नको, हे मी कळकळीनं सांगतो. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की फ्युएल इंजेक्शनच्या (म्हणजे आजकालच्या) गाडीत पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, आणि ब्रेकही तापत नाहीत.

हवा टायर थंड असताना तपास. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच काढ, तेही तीन-चार वेळा.