वॉर्डात वाघीण, घरी मात्र उठवत नाही

समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदार माणसांकडून, विशेषतः चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांकडून, एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. कामावर अंगात भरपूर उत्साह असतो, कितीही अडचणी आल्या तरी त्या निभावून नेल्या जातात. पण घरी आल्यावर स्वतःसाठी म्हणून एकही गोष्ट हातून होत नाही. "मी आळशी आहे का? की माझं काही बिघडलंय?" हा प्रश्न त्यामागोमाग येतोच. त्याचे उत्तर मला ज्यांच्याबरोबर काम करताना नीट उमगले, त्या बाईंविषयी त्यांच्या संमतीने लिहीत आहे. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सविताताई मिरजेतील एका खासगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहेत. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा 44 वर्षांच्या होत्या. पती सोलापुरात नोकरीला, पंधरवड्यातून एकदा येणारे. एकुलता मुलगा दोन महिन्यांपूर्वीच इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला होता. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, वॉर्डात मी वाघीण असते. एखाद्या पेशंटचा रिपोर्ट दोन तास उशिरा आला तर लॅबवाल्यांना फैलावर घेते. आणि घरी आले की सोफ्यावर बसते, ती नऊ वाजेपर्यंत उठतच नाही. कपडेसुद्धा बदलवत नाहीत." बोलता बोलता डोळे भरून आले म्हणून त्यांनी रुमालासाठी पर्स उघडली आणि रुमालाबरोबर एक घडी घातलेला कागद बाहेर पडला. ती त्यांच्याच रक्ततपासणीची चिठ्ठी होती, चार महिन्यांपूर्वीची. घड्यांवर कागद झिजून पांढरा पडला होता. ज्या लॅबला त्या दिवसातून दहा वेळा फोन करत, ती त्यांच्या वॉर्डाच्या बरोबर खालच्या मजल्यावर होती.

मी त्यांना सर्वांत आधी ती तपासणी करून यायला सांगितले. हिमोग्लोबिन 9.4 निघाले, स्त्रियांमध्ये ते किमान 12 असावे लागते. संध्याकाळच्या थकव्याचा काही भाग सरळ शरीराचा होता आणि त्यावर गोळ्या होत्या. मन लागत नाही, उत्साह वाटत नाही अशी तक्रार असली की हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 पाहून घ्यावे, असा माझा आग्रह असतो, कारण लोह कमी पडलेल्या माणसाला जिद्दीचे धडे देणे हा अन्याय आहे.

दुसरी शंका नैराश्याची होती. कामावर सारे सुरळीत चालले आहे म्हणजे नैराश्य नाही, असे समजणे चूक आहे. अनेक जण शेवटचा आधार म्हणून नोकरीलाच धरून ठेवतात आणि घरी मात्र पार कोसळतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मी त्यांच्याकडून भरून घेतली. 27 पैकी त्यांचे गुण 8 आले, म्हणजे लक्षणे सौम्य होती, आणि मरणाचे विचार अजिबात नव्हते. ज्यांना जगणेच नकोसे वाटते, झोप आणि भूक उडालेली असते, त्यांनी हा लेख वाचत बसू नये. मनोविकारतज्ज्ञांना भेटावे किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून, दिवसरात्र बोलता येते. सविताताईंना 'बर्नआउट' हा शब्दही कोणीतरी सुचवला होता. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो नोकरीतील ताणापुरताच वापरला आहे, आणि त्यात कामाविषयी मन विटणे व आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे हेही येते. यांना तर काम मनापासून आवडत होते.

मग ती कामावरची शक्ती येत कुठून होती? आम्ही दोघींनी त्यांच्या ड्यूटीचा एक दिवस तासातासाने मांडून पाहिला. सकाळी हँडओव्हर घेतला की कोणाचे सलाईन कधी संपणार, कोणाला डिस्चार्ज द्यायचा, हे स्पष्ट असते. औषध आठला म्हणजे आठलाच द्यायचे असते. पलंगावर कोणीतरी वाट पाहत असते आणि न दिल्यास जाब विचारणारे कोणी असते. दुपारी हँडओव्हर दिला की काम संपते, आणि जाताना एखादी म्हातारी हात धरून "पोरी, तू होतीस म्हणून" असे म्हणते. आता त्यांच्या दाताचे दुखणे घ्या, मैत्रिणीला करायचा राहिलेला फोन घ्या. त्याला ठरलेली वेळ नाही, वाट पाहणारे कोणी नाही, उद्यावर ढकलले तर कोणाचे काही अडत नाही आणि केले तर शाबासकी देणारेही कोणी नाही. कामावर आपल्याला उठवून उभे करणारी ही सगळी रचना दुसऱ्याने उभारलेली असते, आणि आपण मात्र त्या उत्साहाला स्वतःचा स्वभाव समजतो. घरी ती रचना नसली की आपलाच स्वभाव खोटा ठरल्यासारखा वाटतो. हे मी मांडले तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मुलगा होता तोवर घरीसुद्धा जमत होतं. पहाटे पाचला उठून डबा करत होते. म्हणजे तेही त्याच्यासाठीच होतं."

त्या वाक्यातच सगळे होते, आणि तरीही पुढे माझी चूक झाली. 1970च्या दशकात पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने असे मांडले होते की, खचलेल्या माणसाने इच्छा होण्याची वाट पाहिली तर ती होतच नाही; आधी लहानशी कृती करावी, तिच्यातून थोडे समाधान मिळावे आणि इच्छा त्यामागून यावी. 1996 साली नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या सुमारे दीडशे रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तर कृतीचा हा भाग एकटाच, विचार बदलण्यावरही काम करणाऱ्या संपूर्ण उपचारपद्धतीइतका उपयोगी ठरला होता. माझा या पद्धतीवर विश्वास आहे. मी सविताताईंना वही दिली, रोज एक छोटे काम ठरवून त्यात नोंदवायला सांगितले, आणि त्यांनी ती वही वॉर्डाच्या रजिस्टरसारखी, लाल आणि निळ्या शाईने, एक दिवसही न चुकता भरली. दात दाखवून झाला, विम्याचे कागद झाले, मैत्रिणीला फोन झाला. मी समाधानी होते. त्यानंतर घरगुती कारणाने मला तीन आठवडे भेटी थांबवाव्या लागल्या. परत भेटलो तेव्हा वहीची ती पाने कोरी होती. त्या खालच्या मानेने म्हणाल्या, "तुम्ही बघणार नव्हतात ना."

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी त्यांच्यासाठी आणखी एक वॉर्ड उघडला होता. त्या दर गुरुवारी मला हँडओव्हर देत होत्या. वही वाईट नव्हती. साचलेली कामे तिने मार्गी लावली आणि अशा कामांसाठी मी ती आजही देते. पण आपल्याच जगण्यात त्यांना रस वाटावा, हा प्रश्न तिने सुटणारा नव्हता. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणेविषयीच्या सिद्धान्तात माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या आहेत: आपण निवडले आहे ही भावना, आपल्याला जमते ही भावना आणि आपले कोणीतरी आहे ही भावना. त्यांपैकी दुसरी आणि तिसरी सविताताईंना वॉर्डात भरभरून मिळत होती. पहिली मात्र त्यांना कोणी कधी विचारलीच नव्हती, आणि मीही विचारली नव्हती.

म्हणून मी वही बाजूला ठेवली आणि विचारले, "जे केलं नाही तर कोणाचंच काही बिघडणार नाही, आणि तरी तुम्हाला करावंसं वाटतं, असं काय आहे?" उत्तर यायला दोन भेटी लागल्या. कपाटामागे, गवसणीत, त्यांच्या आईचा तंबोरा होता. बारावीपर्यंत त्या गाणे शिकत होत्या. नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ते सुटले. तंबोऱ्याची एक तार तुटलेली होती, खुंट्या अडकल्या होत्या. सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, तो तंबोरा पंचवीस वर्षे मुका उभा होता.

गाणे परत सुरू करा, क्लास लावा, असे मी मुद्दाम सांगितले नाही. थकलेल्या माणसाला छंद सुचवणे सोपे असते आणि पुष्कळदा तो छंदही चार दिवसांत नवीन ड्यूटी होऊन बसतो. ठरले ते एवढेच, की गवसणी काढायची. संध्याकाळचा सोफा मात्र अडसर होता, कारण एकदा टेकले की मोबाईल हातात येई आणि तासभर कुठे गेला ते कळत नसे. "कधीतरी करीन" असे म्हणण्यापेक्षा "अमुक झाले की लगेच तमुक" असे ठरवलेले अधिक वेळा पार पडते, हे पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेले आहे. सविताताईंनी स्वतःच ठरवले, की कुलूप उघडले, पर्स खुंटीला लावली, की सोफ्याकडे न वळता आतल्या खोलीत जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता भोपळा पुसला आणि बाहेर येऊन बसल्या. पुढच्या आठवड्यात रिक्षात मांडीवर आडवा धरून तंबोरा गल्लीत नेला. कारागिराने तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर नख फिरवून सांगितले की जवारी, म्हणजे सुराला गुंजन देणारी घोडीची घासणी, पार गेलेली आहे, वेळ लागेल.

याच काळात बाकीच्या गोष्टी काही एकदम जादूने सुधारल्या नाहीत. दोन आठवडे डबल ड्यूट्या लागल्या आणि त्या पुन्हा सोफ्यावर बसू लागल्या; मुलगा दिवाळीला येऊन परत गेला त्या रात्री त्यांनी मला फोन करून रडून घेतले. मात्र स्वतःला "आळशी" म्हणणे त्यांनी सोडले होते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन 11 च्या पुढे गेले होते आणि ती तपासणी त्यांनी कोणी न सांगता करून घेतली होती.

आमच्या शेवटच्या भेटीला त्या वही न घेता आल्या. मी सवयीने विचारलेच, तर म्हणाल्या, "कपाटात आहे. दाखवण्यासारखं काही लिहिलं नाही." तंबोरा घरी आला होता. पंचमाची तार अजून नीट बोलत नव्हती, जवारीचा दोरा सरकवून त्या रोज थोडा वेळ तिच्याशी झगडत होत्या, आणि तरी जमले नाही तर तो परत गल्लीत न्यावा लागणार होता.

"कधी नेणार?" मी विचारले.

"नेईन," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.