थ्रीडी अ‍ॅनाटॉमी अ‍ॅप घ्यावं का? घ्या, पण हॉल सोडू नये

तुमची मुलगी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. थ्रीडी अ‍ॅपची वर्गणी भरा म्हणतेय, आणि अ‍ॅप असलं की डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकतात तिथे, तासन्‌तास उभं राहायला नको, असंही तिचं म्हणणं. मी २२ वर्षं अ‍ॅनाटॉमी शिकवतेय. पहिलं पटलं, दुसरं नाही.

गर्भातलं आतडं एका धमनीभोवती २७० अंशांत फिरतं, हे मी वर्षानुवर्षं ओढणीला पीळ घालून दाखवत आले. अर्ध्या वर्गाच्या लक्षात ओढणीच राहायची! अ‍ॅनिमेशनमध्ये तेच मिनिटभरात कळतं, आणि दहादा मागे नेऊन बघता येतं. कवटीच्या तळाचंही तसंच. चिमटा पोचत नाही तिथलं हाड स्क्रीनवर सरळ बाजूला करता येतं.

पण स्क्रीनवर धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या बॉडीत सगळंच मातकट. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर शिकलेली आमची बॅच टेबलाशी आली, तेव्हा मनगटाजवळचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) चिमट्यात धरून 'मॅडम, मीडियन नर्व्ह' असं ठणकावून सांगायची. हसू नका, दुसरीकडे जोडायला (ग्राफ्टसाठी) टेंडन काढताना चुकून ही नर्व्ह कापली गेल्याची उदाहरणं आहेत.

अंगठा करंगळीला लावून मनगट आत वाकवा. मधोमध दोरी उठून दिसते, तो पाल्मारिस लॉंगस या स्नायूचा टेंडन. काहींच्या हातात तो नसतोच, शरीरं अशी वेगवेगळी असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या शरीराचे १ मिलिमीटरचे १,८७१ काप खुले केले, त्यावर कित्येक डिजिटल अ‍ॅटलास उभे राहिले. पण माणूस एकच ना! हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर डोकावलं तरी धमनी दुसरीकडेच फुटलेली सापडते.

तिला सांगा, उद्याचा भाग आदल्या रात्री पंधरा मिनिटं अ‍ॅपवर बघायचा आणि टेबलाशी मोबाइल खिशात ठेवायचा. घरी आल्यावर 'अंकी' (Anki) या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये स्वतःची प्रश्नोत्तरांची कार्डं करायची. ते कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. दुसऱ्याची तयार कार्डं घेऊ नये, कारण निम्मा अभ्यास कार्ड लिहितानाच होतो. शिवाय प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागतेच, त्यामुळे हॉल चुकवायचा म्हटलं तरी चुकणार नाही.

आणि पैसे भरण्याआधी तिला कॉलेजच्या लायब्ररीत विचारू दे. काही ठिकाणी असं सॉफ्टवेअर आधीच घेतलेलं असतं आणि पोरांना पत्ताच नसतो.