नव्या टीव्हीवर गिटार हिरो खेळताना वेळेवर वाजवूनही सूर का चुकतात? गिटार बिघडली असेल का?

आपण लिहिले आहे की प्लेस्टेशन २ हे खेळयंत्र आणि गिटार हिरोची (पडद्यावर रेषेकडे सरकणाऱ्या रंगीत ठिपक्यांप्रमाणे ठेक्यात पट्टी छेडण्याच्या व्हिडिओ गेमची) प्लास्टिकची गिटार जुन्या टीव्हीवर व्यवस्थित चालत होती, परंतु तोच संच नव्या एलईडी टीव्हीला जोडल्यापासून पट्टी अगदी ठेक्यात छेडूनही खेळ ती चूक धरतो. या वर्णनावरून दोष गिटारचा नसून टीव्हीचा असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत आलेला सिग्नल जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर उमटत असे. सपाट टीव्ही मात्र प्रत्येक चित्र आधी स्वतःकडे साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. त्यातही प्लेस्टेशन २ च्या पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या वायरीतून येणारे चित्र कमी रेषांचे आणि इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक रेषा पाळीपाळीने पाठवणारे, असते. ते जोडून, ताणून मोठ्या पडद्यावर बसवण्यात आणखी वेळ जातो. हा उशीर सहज ५० ते १०० मिलिसेकंद भरू शकतो. मिनिटाला १२० ठोके अशा मध्यम लयीच्या गाण्यात एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे एवढासा उशीर किती जाचक ठरतो ते कळेल.

येथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण उपाय तिच्यावरच अवलंबून आहे. मारामारीच्या किंवा शर्यतीच्या खेळात आपण पडद्यावर घडलेल्या गोष्टीला प्रत्युत्तर देतो, त्यामुळे तेथील उशीर भरून काढता येत नाही. तालाच्या खेळात मात्र आपण प्रत्युत्तर देत नसतो. तबलजी समेवर येतो तो सम ऐकून नव्हे, तर ती कोठे पडणार हे आधीच जाणून. तसेच हिरवे-तांबडे ठिपके रेषेपर्यंत पोहोचण्याआधीच आपला हात निघालेला असतो. खेळालाही संपूर्ण गाणे आधीपासून ठाऊक असते. म्हणून आपला टीव्ही किती उशिरा दाखवतो हे खेळाला एकदा कळले, की तो चित्र, ध्वनी आणि तपासणीची वेळ परस्परांच्या तुलनेत पुढे-मागे सरकवून हिशेब जुळवू शकतो. उशीर मोठा असला तरी चालतो. तो स्थिर असला पाहिजे, इतकेच.

हार्मोनिक्स या कंपनीने २००५ साली पहिला गिटार हिरो तयार केला, त्याच्या रचनेतच या सवलतीला जागा आहे. आपण पट्टी छेडता तेव्हा गिटारचा आवाज नव्याने निर्माण होत नाही. गाण्यातील गिटारचा भाग वेगळा ध्वनिमुद्रित असतो आणि तो चालूच असतो, केवळ चूक झाली की तो बंद केला जातो. आपण थोडे अलीकडे-पलीकडे वाजवले तरी, चूक धरली न गेल्यास, सूर बिनचूक ठेक्यातच ऐकू येतो. जपानी ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये तसे नाही: तेथे ढोलावर टिपरी पडली की त्याच वेळी आवाज उठतो, आणि म्हणून टीव्हीचा उशीर कानाला लगेच खुपतो. गिटार हिरोसारख्याच रॉक बँड या खेळाच्या ड्रममध्येही जेथे वाजवणाऱ्याला मनाचे वाजवण्याची मोकळीक मिळते, त्या जागी हीच अडचण येते, आणि तिला कॅलिब्रेशनने, म्हणजे टीव्हीचा उशीर मोजून खेळाला कळवण्याने, उत्तर नाही.

प्रथम टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारी सोय) सुरू करावा आणि चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. ती सोय पुढचे चित्र हाती येईपर्यंत आधीचे रोखून धरते, म्हणून या कामी ती सर्वांत घातक. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर तो काढून वायरचा लावावा. पलंग टीव्हीपासून दूर असल्याची काळजी नको, कारण तीन मीटर अंतर कापायला ध्वनीला जेमतेम ९ मिलिसेकंद लागतात. त्यानंतरच खेळातील कॅलिब्रेशन करावे, अन्यथा पुढे एखादी सेटिंग बदलली की सारे पुन्हा करावे लागते. रॉक बँडमध्ये चित्राचा आणि ध्वनीचा उशीर वेगवेगळा मोजता येतो, आणि माझ्या मते तीच योग्य पद्धत आहे. ध्वनीची चाचणी डोळे मिटून आणि चित्राची चाचणी आवाज बंद करून द्यावी. दोन्ही एकदम चालू असतील तर हात नकळत कानाचे ऐकतो आणि चित्राचा आकडा चुकीचा येतो. (रॉक बँड २ सोबत २००८ मध्ये आलेल्या गिटारमध्ये तर प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि छोटा मायक्रोफोन बसवलेला होता, म्हणजे हे मोजमाप माणसाच्या हातावर सोडावेच लागत नसे. इतका विचारपूर्वक केलेला कंट्रोलर मी दुसरा पाहिलेला नाही.)

एवढे करूनही चुका राहिल्या, तर त्यांचे स्वरूप पाहावे. सर्व चुका एकाच दिशेने, म्हणजे नेहमी उशिराच किंवा नेहमी लवकरच होत असतील, तर आकडा अजून जुळलेला नाही. याउलट एखादा सूर मुळीच न लागणे, एकदा छेडल्यावर दोनदा मोजले जाणे, किंवा पट्टी वर छेडल्यास चालणे आणि खाली छेडल्यास न चालणे, ही पट्टीखालचे स्विच झिजल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मागचे स्क्रू काढून ते स्विच साफ करावे लागतात किंवा बदलावे लागतात. आणि जुना नळीचा टीव्ही अजून घरात असेल, तर गिटार उघडण्यापूर्वी एकदा, खेळातील कॅलिब्रेशन शून्यावर आणून, त्याच्यावर दोन-तीन गाणी वाजवून पाहावीत. तेथेही सूर गळाले तर मात्र दोष गिटारमध्येच आहे.