पुढच्या वर्षी कोण गाजणार? आधी आमची फजिती ऐका

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. तुमच्यावर नव्हे, स्वतःवर. डिचोलीच्या तुमच्या मंडळाचं पुढच्या वर्षी पंचविसावं वर्ष, मोठं नाव परवडत नाही, म्हणून वर्षभरात गाजणारा नवा गायक आत्ताच हेरायचा आणि कमी मानधनात त्याची तारीख घेऊन ठेवायची. हीच अक्कल तीन-चार वर्षांपूर्वी मी लढवली होती.

मी गाण्यातला जाणकार नाही. पेटीवर 'सा'सुद्धा सापडत नाही मला. आपल्या गोव्यातच, फोंड्याकडच्या एका उत्सव समितीत तारखा घेणं, हिशेब ठेवणं आणि कलाकारांच्या जेवणाचं बघणं, एवढाच अनुभव. तेव्हा पटेल तेवढं घ्या. सभागृह, साऊंडवाला, वर्गणी हे तुम्हाला येतंच असणार, त्यात जात नाही.

तर एका मुलाचं रील तेव्हा सगळ्यांच्या फोनवर वाजत होतं. व्ह्यूज तीस लाखांच्या वर. समितीतली पोरं म्हणाली, "काका, आत्ता घ्या, पुढच्या वर्षी पाचपट मागेल." मी दहा महिने आधी तारीख घेतली. चूक ती नव्हे. मध्यस्थ म्हणाला, सगळे पैसे आत्ता दिलेत तर वीस टक्के कमी करतो, आणि मी इसार देण्याऐवजी पूर्ण मानधन देऊन बसलो. त्या मुलाचं दुसरं गाणं कुठलं, हे विचारलंसुद्धा नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरलं, खोटं कशाला बोलू. त्याने ते गाणं सुरू केलं, रीलमधली ओळ आली आणि सगळे फोन वर गेले. चाळीस सेकंद. ओळ संपली, फोन खाली. मुखड्याच्या पुढे अंतरा असतो हेच लोकांना ठाऊक नव्हतं. पुढच्या गाण्याला मागच्या रांगा उठून बटाटवड्याकडे गेल्या. शेवटी त्याला तेच गाणं तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा म्हणताना तो खाली बघून गात होता. बावीस वर्षांचं पोर ते, त्याचा काय दोष? त्याच्या आधी वेळ भरायला आमच्याच बाजूच्या एका मुलीला बसवलं होतं. तिने दोन नाट्यपदं आणि एक अभंग म्हटला. बिदागी तीन हजार, शिवाय रिक्षाचं भाडं. मध्यंतरात एका आजींनी मला अडवून विचारलं, "ती चली परतून गायतली मरे?" म्हणजे ती मुलगी परत गाणार ना?

ती मुलगी पुढे गाजली का? नाही. बँकेत लागली. चवथीच्या दिवसांत गाते. म्हणजे 'लोक परत ऐकायला मागतात का' ही माझी परीक्षाही कोण गाजणार ते सांगत नाही, लोक कोणासाठी बसून राहतील एवढंच सांगते. मंडळाला तेवढं पुरतं असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

गाजणाऱ्याचं भाकीत मोठमोठ्यांनाही जमत नाही. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडची तीच ४८ गाणी ऐकायला दिली, पण त्यांचे वेगवेगळे गट करून. इतरांनी काय डाउनलोड केलं ते ज्यांना दिसत होतं, त्यांच्यात गटागटाप्रमाणे वेगवेगळी गाणी वर गेली. फार चांगलं गाणं सहसा पडलं नाही, फार वाईट सहसा चढलं नाही, आणि मधल्या सगळ्यांचं नशीब. बीबीसीवाले दरवर्षी पुढच्या वर्षीच्या गायकांची यादी काढतात. २००८ ला त्यांनी अ‍ॅडेलला पहिलं ठेवलं, बरोबर ठरलं. २००९ ला लिटल बूट्स नावाच्या गायिकेला पहिलं ठेवलं आणि जग जिंकलं ते त्याच यादीत खाली असलेल्या लेडी गागाने. शिवाय अशा यादीत नाव आलं की रेडिओवर गाणं जास्त वाजतं, म्हणजे भाकीत थोडंफार स्वतःच स्वतःला खरं करतं. तुमच्या मंडळाच्या पत्रिकेत ती ताकद नाही.

हे मी समितीत सांगितलं तेव्हा एक म्हातारे म्हणाले, शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली आणि त्याच वर्षी बाई वारल्या, मग त्यांचं गाजण्याचं वर्ष कुठलं धरायचं? सभा तिथेच संपली.

व्ह्यूजचं तर नावच काढू नका. यूट्यूबवर जाहिरात म्हणून दाखवलेला व्हिडिओसुद्धा व्ह्यूजमध्ये धरला जातो. २०१९ मध्ये रॅपर बादशाहच्या एका गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज आले, त्यावरून वाद झाला, आणि त्याच वर्षी यूट्यूबने आपल्या संगीताच्या चार्टसाठी, म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीसाठी, जाहिरातीचे व्ह्यूज मोजणं बंद केलं. गाण्याखालच्या आकड्यात मात्र ते असतातच. त्यापेक्षा त्या गायकाचं दुसरं आणि तिसरं गाणं किती जणांनी ऐकलंय ते बघा. पहिलं तीस लाख आणि दुसरं चार हजार असेल तर लोकांना ती ओळ आवडली आहे, गायक नव्हे. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ ला सगळीकडे वाजलं, पण त्याआधी 'नऊवारी'मुळे लोकांना तो ठाऊक होता. असा माणूस शोधा. स्पॉटिफायवर कलाकाराच्या माहितीत खाली त्याला जास्त ऐकणारी शहरं दिसतात. तिथे सगळी उत्तरेकडचीच असतील तर डिचोलीत खुर्च्या कोण भरणार?

आणि फोनवर ऐकून ठरवू नका. जत्रेत, भजनी सप्ताहात कुठेतरी जाऊन अर्धा तास बसा. पाठ केलेलं संपल्यावर माणूस काय करतो, ते तिथेच दिसतं.

विषय निघालाच आहे तर परवानगीचंही सांगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या सूटीतला आपला दिवस आहे की नाही, एवढं एक वाक्य कागदावर मिळवायला मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. दर खेपेला नवा माणूस, नवा अर्ज. चौथ्या खेपेला कळलं, पहिला अर्ज टेबलावरच होता, वर टिफिन ठेवलेला. तेव्हा कार्यक्रम साडेसहाला सुरू करायचा ठरवा आणि मोकळे व्हा.

पैशाचं: इसार चौथ्या हिश्श्याच्या वर नको, आणि कागदावर किमान सव्वा तास गायन असं लिहून घ्या. एका मोठ्याच्या जागी दोन छोटे घेतलेत तर एक पडला तरी संध्याकाळ निभावते. नियम म्हणून सांगत नाही, यंदा आम्ही तसंच केलं आणि वर्गणीवाल्यांनी शिव्या घातल्या नाहीत इतकंच.

तुमच्या डिचोली-मये बाजूला कोणी नवं, बसून ऐकावं असं गाणारं असेल तर नाव इथे टाका. आमची मार्चमधली एक तारीख अजून रिकामी आहे.